वाड्यातली फियाट: रंगाला हात लावू नका, आधी ब्रेक बघा

प्रश्न थोडक्यात असा: १९६९ ची फियाट ११०० डिलाइट, वाईतल्या एका वाड्याच्या पडवीत अकरा वर्षं उभी होती. पहिल्याच मालकाच्या घरातून, त्यांच्या वारसांकडून घेतलेली. रंग कंपनीचा, पण पिठूळ झालेला. ड्रायव्हरची सीट शिवणीवर उसवलेली, दारांच्या खालच्या कडेला थोडा गंज. गाडी आता मिरजेला न्यायची आहे. गॅरेजवाला म्हणतो, "पत्र्यापर्यंत खरवडू, लांबी (पुट्टी) भरू, नवा रंग मारू, दसऱ्याला नवीकोरी दारात उभी करतो." करावं का?

करू नका. निदान पहिलं वर्षभर तरी नाही, आणि बहुधा कधीच नाही.

कारण साधं आहे. १०८९ सीसीचं हे इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक यांतलं बहुतेक सामान १९६४ च्या डिलाइटपासून पुढे प्रेसिडेंट आणि पद्मिनीपर्यंत थोड्याफार फरकाने चालत आलं. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सींनी ते सामान बाजारात जिवंत ठेवलं. पिस्टन, क्लच प्लेट, व्हील सिलेंडर आजही शोधून मिळतात. कुर्ल्याच्या कारखान्यात १९६९ साली बसलेला रंग, त्या वेळची सीटची शिलाई, छताचं कापड, काचेवरचा छाप हे कुठल्याच दुकानात मिळत नाही. गॅरेजवाला जे आधी काढायला निघाला आहे तेच तुमच्या गाडीतलं दुर्मिळ आहे, आणि जे त्याने आधी बघायला हवं ते ब्रेक आणि पेट्रोलची लाइन त्याच्या यादीत नाहीत. म्हणून कुठल्याही कामाआधी एकच विचारायचं: हे केल्यावर पुन्हा होतं तसं करता येईल का? येत असेल तर करा. येत नसेल तर थांबा, आणि फक्त जीवाला धोका असेल तिथेच पुढे जा.

गाडी हलवण्यापूर्वी तिथल्या तिथे तिचे दीडशे-दोनशे फोटो काढा. बोनेटखाली वायर कुठून कुठे जाते, कुठल्या पाइपला कुठली क्लिप आहे, डिकीत जॅक कसा ठेवला आहे, स्क्रूची डोकी कशी आहेत हे सगळं. इंजिन नंबर आणि चासी नंबर पुसून वाचा, घासून नाही. एमरी पेपर लावलेला नंबर पुढे आरटीओत शंकेला जागा देतो. सीटखालचं, डॅशबोर्डच्या कप्प्यातलं, डिकीतल्या रबराखालचं काहीही फेकू नका. पेट्रोलच्या पावत्या, पीयूसीचा कागद, जुनी किल्ली, पाना हा सगळा गाडीचा इतिहास आहे. आणि त्या वाड्यातल्या माणसांना आत्ताच विचारा: रंग कधी मारला होता का, अपघात झाला होता का, कुठल्या फिटरकडे जात होती. वर्षभराने ते आठवणार नाही.

वाईहून मिरजेला गाडी चालवत नेण्याचा मोह होईल. नको. पाचवड, सातारा, कराड, पेठ नाका हा सगळा महामार्ग आहे आणि अकरा वर्षं पडलेल्या ब्रेकचा भरवसा शून्य. सपाट प्लॅटफॉर्मचा टोइंग ट्रक करा. पट्टे चाकांवरून बांधायला सांगा, बंपरला किंवा बंपरच्या पट्टीला हुक नको. ब्रेक आत चिकटलेला असेल तर चाक ओढत नेऊ नका. ड्रमवर लाकडी हातोडीने चहूबाजूंनी ठोका, बहुधा सुटतो. प्लास्टिकची ताडपत्री गाडीवर बांधून हायवेला न्यायची चूक बरेच जण करतात. वाऱ्याने ती फडफडते आणि पन्नास वर्षं टिकलेला रंग कडांवरून शंभर किलोमीटरात घासून जातो. उघडीच न्या.

कागद. गाडी वारसांकडून घेतली आहे, तेव्हा मूळ मालकाच्या निधनानंतरचं हस्तांतर आधी नमुना ३१ ने वारसाच्या नावावर, आणि मग विक्रीचं नमुना २९ व ३० ने तुमच्या नावावर. एमएच ११ च्या कार्यालयातली गाडी एमएच १० कडे येते आहे, म्हणून पत्ताबदलही आलाच. विंटेज नोंदणीबद्दल बरेच गैरसमज आहेत. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत ही तरतूद आली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली, मूळ स्वरूपात राखलेली, चासी, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठा फेरबदल न झालेली दुचाकी वा चारचाकी त्यात बसते. तुमची गाडी वयाने बसते. नव्या नोंदणीची फी २० हजार, पुढच्या नोंदणीची ५ हजार, मुदत १० वर्षं. आधीपासून नोंद असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो, नव्याने नोंद झालेल्या गाडीच्या नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात. पण एक अट नीट वाचा: अशी गाडी प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. दर गुरुवारी नरसोबाच्या वाडीला किंवा रविवारी दंडोबाला जायचं असेल तर साधी खासगी नोंदणीच चालू ठेवा, तीच सोयीची.

आता गाडी मिरजेत पोहोचली असं धरू. पहिले दोन दिवस फक्त तपासणी. रंगाची जाडी मोजणारं छोटं मीटर विकत किंवा उसनं घ्या. कारखान्याचा रंग साधारण ८० ते १५० मायक्रॉन भरतो, दुबार रंग २०० च्या पुढे, लांबी भरलेली असेल तर ५०० च्याही वर. प्रत्येक पत्र्यावर पाच-सहा ठिकाणी मोजून वहीत चित्र काढून लिहा. मीटर नसेल तर कापडात गुंडाळलेलं छोटं लोहचुंबक फिरवा. जिथे ते सैल पडतं तिथे खाली लांबी आहे. एखादा मडगार्ड कधीतरी रंगवलेला निघेल. त्यात वाईट वाटून घ्यायचं कारण नाही, उलट पॉलिशची सगळी चाचणी त्याच मडगार्डवर करता येते.

आपल्या भागात आणखी एक तपासणी हवी, ती पुराची. ही गाडी वाईची म्हणून सांगलीचं पाणी तिला लागलेलं नसेल, पण इथे दुसरी जुनी गाडी बघायला जाल तेव्हा २००५, २०१९ आणि २०२१ ही तीन वर्षं डोक्यात ठेवा. दाराचं आतलं पॅनल, डॅशबोर्डच्या मागची बाजू, सीटच्या स्प्रिंगांची खालची रांग आणि हेडलाइटची वाटी या जागी गाळाची बारीक रेघ सापडते. ती वरवर धुऊन जात नाही. जत-आटपाडीकडची किंवा माण-खटावची गाडी बहुधा पत्र्याला चांगली आणि रबराला वाईट असते. पाटण-जावळीकडची नेमकी उलट. वाई मधल्या पट्ट्यात येते, म्हणून दोन्हीकडे लक्ष द्यावं लागेल.

इंजिनाकडे वळू. किल्ली फिरवून सेल मारून बघायची घाई सर्वांत महागात पडते. रिंग सिलेंडरला चिकटलेल्या असतात, एखादा व्हॉल्व्ह गाइडमध्ये अडकलेला असतो, आणि सेलचा झटका पुशरॉड वाकवतो. चारही प्लग काढा, आधी तारांवर नंबर टाका. फायरिंग ऑर्डर १-३-४-२ आहे. प्रत्येक सिलेंडरमध्ये दोन-तीन चमचे, म्हणजे १० ते १५ मिली, पातळ इंजिन ऑइल सोडा आणि दोन दिवस तसंच ठेवा. मग प्लग बाहेरच ठेवून चौथ्या गिअरमध्ये गाडी हाताने पुढेमागे हलवा. इंजिन फिरलं तर उत्तम. नाही फिरलं तर जोर लावू नका. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये वापरतात ते ट्रान्समिशन ऑइल आणि ॲसिटोन निम्मेनिम्मे मिसळून तेवढंच पुन्हा सोडा आणि आठवडाभर थांबा. ॲसिटोन रंगावर सांडलं तर रंग तिथल्या तिथे गेला, म्हणून मडगार्डवर जाड सुती चादर आणि तिच्यावर प्लास्टिक असं दुहेरी पांघरा.

इंजिन फिरायला लागलं की टॅपेट कव्हर काढा आणि एकेक रॉकर वरखाली होतो का बघा. एखादा व्हॉल्व्ह वरच राहिला तर त्याच्या दांड्यावर ऑइल सोडून लाकडाने हलके टोके मारा. जुनं ऑइल काढताना शेवटचे दोनशे मिली काचेच्या बाटलीत ठेवा. दुसऱ्या दिवशी तळाला पाणी दिसलं तर हेड गॅस्केट किंवा नुसती वाफ, दोन्ही शक्य. पितळी चमक दिसली तर एखादा बुश झिजलेला. शक्य असेल तर चेंबरही (इंजिनाखालचं ऑइलचं भांडं) उतरवून गाळ काढा. नवं ऑइल साधं मिनरल २०डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५०. पातळ सिंथेटिक नको, जुन्या सीलमधून ते बाहेर येतं. पहिलं ऑइल शंभरेक किलोमीटरवरच बदलायचं आहे, तेव्हा महागडं घेऊ नका.

प्लग न लावता, पूर्ण चार्ज बॅटरीवर, दहा-दहा सेकंद सेल मारून ऑइलचा दिवा विझेपर्यंत थांबा. दिवा विझल्याशिवाय प्लग लावायचे नाहीत. पॉइंटचा (डिस्ट्रिब्यूटरमधल्या उघडमीट करणाऱ्या संपर्काचा) गॅप ०.४५ मिमी, प्लगचा ०.६ मिमी. पॉइंट काळे पडले असतील तर बारीक फाइलने घासून पेट्रोलच्या कपड्याने पुसा. ऑइलचा हात लागला तर स्पार्क येणार नाही आणि तुम्ही कॉइलला दोष देत बसाल. रेडिएटरचं पाणी सोडून उलट बाजूने धुवा. बोअरचं पाणी भरू नका, मिरज-सांगलीकडचं बोअरचं पाणी जड आहे आणि क्षार पाण्याच्या जॅकेटमध्ये मागच्या सिलेंडरभोवती साचतो. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी घ्या आणि त्यात तिसरा हिस्सा कूलंट. गळती बंद करणारी पावडर अजिबात नको. भोकाबरोबर ती हीटरची नळी आणि रेडिएटरच्या नळ्याही बंद करते.

पेट्रोल हा आपल्या जिल्ह्यांचा खास विषय, कारण इथल्याच उसाच्या मळीपासून आणि रसापासून निघालेलं इथेनॉल त्यात येतं. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल आहे. १९६९ च्या गाडीला त्याचे चार त्रास. इथेनॉल हवेतली ओल ओढतं; टाकीत पाणी जास्त झालं की इथेनॉल-पाणी वेगळं होऊन तळाला बसतं आणि गाडी नेमकं तेच ओढते. पेट्रोल पंपातला जुन्या रबराचा पडदा (डायफ्राम) आणि नळ्या फुगतात किंवा चिकट होतात. कार्बोरेटरच्या जस्तमिश्रित धातूवर पांढरी भुकटी धरते. आणि मिश्रण पातळ होतं: १ किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला सुमारे ९ किलो. कार्बोरेटरचा जुना जेट (इंधन सोडणारी बारीक भोकाची तोटी) तेवढंच इंधन सोडतो, म्हणून इंजिन तापतं, चढावर दम टाकतं.

उपाय कठीण नाहीत. पंपाचा डायफ्राम आणि फ्लोटची सुई इथेनॉल सहन करणाऱ्या व्हायटन रबराची घ्या, नळ्या एसएई जे३० आर९ दर्जाच्या. सोलेक्स कार्बोरेटरचा मुख्य जेट पाच नंबर वरचा बसवून बघा. जेटवरचा आकडा मिलिमीटरचे शंभरावे भाग सांगतो, म्हणजे पाच नंबर म्हणजे ०.०५ मिमी. जुना जेट चिठ्ठी लावून डबीत ठेवा. पंप आणि कार्बोरेटरच्या मधे पारदर्शक फिल्टर घाला, कारण इथेनॉल टाकीतला जुना चिकटा सोडवतं आणि पहिल्या दोनशे किलोमीटरात तो सगळा पुढे येतो. गाडी महिन्याहून जास्त उभी राहणार असेल तर टाकी जवळजवळ रिकामी करून ठेवा.

टाकी मात्र आधी उतरवा. पहिल्यांदा इंजिन सुरू करताना टाकी वापरूच नका, दोन लिटरच्या कॅनमधून थेट पंपाला पेट्रोल द्या. टाकीत नुसता डांबरासारखा चिकटा असेल तर ॲसिटोनने दोनदा खळखळून धुतली की पुरतं. गंज असेल तर किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व घ्या: दर लिटर कोमट पाण्याला ५० ग्रॅम, टाकी काठोकाठ, दर चार तासांनी आत बघायचं, चोवीस तासांच्या वर ठेवायचं नाही. ओतून दिल्यावर लगेच लिटरला २० ग्रॅम खायचा सोडा घातलेल्या पाण्याने धुवा, गरम हवेने सुकवा आणि त्याच तासात पाव लिटर पेट्रोल-ऑइल आत फिरवा. सुकवल्यावर तासभर उघडी राहिली तरी पुन्हा लालसर होते. आतून लेप देणारं रसायन शक्यतो टाळा. इथेनॉलने तो लेप पापुद्र्यासारखा सुटतो आणि मग टाकी कापण्याशिवाय मार्ग राहत नाही. टाकीवर वेल्डिंग करायचं कुणी सुचवलं तर गाडी घेऊन परत या. रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक असते.

ब्रेक. इथे मूळपणाचा हट्ट धरायचा नाही. त्या काळच्या गाडीला ब्रेकचं सर्किट एकच असतं. एका चाकाचा सिलेंडर गळला की चारही चाकांचे ब्रेक गेले, हातात राहतो फक्त हँडब्रेक. चारही ड्रम उतरवा. आतली धूळ हवेने उडवू नका, जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असतो. ओल्या कपड्याने पुसून कपडा पिशवीत बांधून टाका. व्हील सिलेंडरचे आणि मास्टर सिलेंडरचे सगळे रबर कप नवे. सिलेंडरच्या आत नखाला लागतील असे खड्डे असतील तर नुसते कप बदलून भागत नाही, नवा सिलेंडर घ्या किंवा जुन्याला आतून स्टीलचा स्लीव्ह बसवून घ्या. स्लीव्ह हा माझा आवडता उपाय आहे, बाहेरून सिलेंडर मूळचाच राहतो. तिन्ही लवचीक नळ्या बदलाच; बाहेरून चांगल्या दिसल्या तरी आतून सुजलेल्या असतात, आणि मग ब्रेक लागतो पण सुटत नाही. लोखंडी पाइप क्लिपखाली गंजतात, प्रत्येक क्लिप उघडून बघा. डॉट ३ ऑइल, पूर्ण लाइन धुवायला लिटरभर लागेल, पुढे दर दोन वर्षांनी बदल, आमच्यासारख्या दमट पावसाळ्यात दीड वर्षाने केला तरी वाया जात नाही. ब्रेक ऑइल रंग खातं. मास्टर सिलेंडरमध्ये ऑइल ओतताना खाली ओला कपडा ठेवा आणि थेंब पडला तर पुसू नका, आधी भरपूर पाणी ओता.

टायर ५.२०-१४ चे. वय दहा वर्षांच्या वर असेल तर नक्षी कितीही नवी दिसो, रस्त्यावर वापरू नका. बाजूच्या छापात शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात. तीनच आकडे असतील तर टायर २००० सालाआधीचा. असा मूळ टायर निघाला तर स्टेपनीच्या जागी प्रदर्शनापुरता जपून ठेवा. वायरिंग बदलू नका, सोडवा आणि जोडा. बहुतेक दोष अर्थिंगचे असतात: बॉडीला जिथे वायर कसलेली आहे ते स्क्रू काढून घासून व्हॅसलीन लावून परत बसवले की निम्मे दिवे लागतात. फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटाचा चंदेरी कागद सापडला तर आधी तो काढा. बॅटरीला हाताने बंद करायचा स्विच जोडा, भोक न पाडता. डायनॅमो असेल तर आयडलिंगला चार्जिंगचा दिवा मिणमिणतो, तो दोष नाही. अल्टरनेटर बसवायचा सल्ला देणाऱ्याला हे माहीत नसतं.

गाडी चालली आणि थांबली की मगच रंगाकडे. पिठूळ दिसणारा थर म्हणजे रंग गेला असं नाही, उन्हाने आणि हवेने वरचा थर सुकला आहे. साफ करण्याचा क्रम असा: मऊ ब्रशने कोरडी धूळ, मग सावलीत दोन बादल्या. एका बादलीत दहा लिटर पाण्याला चमचाभर सौम्य शाम्पू, दुसरी साध्या पाण्याची, फडकं प्रत्येक वेळी तिच्यात पिळायचं. वरून खाली, एका वेळी एक पत्रा. प्रेशर वॉशर नको, जुन्या बिडिंगमधून (काचा-दारांच्या रबरी पट्ट्यांतून) पाणी दारात आणि फ्लोअरवर जातं आणि महिनाभर बाहेर येत नाही. साखर कारखान्याचा गळीत हंगाम चालू असेल तर गाडीवर काजळी आणि बगॅसची राख पडते. ती कोरडी पुसणं म्हणजे सँडपेपर मारणं. आधी पाणी, मग हात.

मग दाराच्या आतल्या कडेला पाच सेंटिमीटरच्या चौकोनावर चाचणी. पांढऱ्या कापसावर थिनरचा एक थेंब घेऊन टेकवा. रंग विरघळून कापसाला लागला तर रंग नायट्रोसेल्युलोजचा किंवा नंतर मारलेला; कापूस कोरा राहिला तर भट्टीत भाजलेला इनॅमल. दोघांची पुढची वागणूक वेगळी, नायट्रोसेल्युलोजवर दाब निम्मा ठेवायचा. सिलिकॉन नसलेलं, तेलकट ग्लेझ हाताने चोळून रात्रभर मुरू द्या. सुकलेला थर तेल पितो आणि रंग खोल दिसायला लागतो, कित्येकदा एवढ्यावरच भागतं. नाही भागलं तर सर्वांत बारीक फिनिशिंग पॉलिश, हाताने, एकदाच. फडक्याला गाडीचा रंग लागेल, घाबरू नका. वर क्लिअर कोट नसलेल्या जुन्या रंगाचं असंच होतं. पण तो लागलेला रंग गाडीवरूनच कमी झाला आहे हे लक्षात असू द्या. रबिंग कंपाउंड आणि मशीन एका बैठकीत कडांवरून पत्रा उघडा करतात, कारण कडांवर रंग सर्वांत पातळ असतो. कडांवर मास्किंग टेप लावूनच काम करा. शेवटी कार्नोबा मेण, वर्षातून दोनदा. सिलिकॉनचं चमकदार पॉलिश एकदा मुरलं की पुढे कधी छोटा टच-अप करायचा झाला तर रंग माशाच्या डोळ्यासारखा फाटतो.

गंजाच्या बाबतीत दिसणारा आणि न दिसणारा असा भेद करा. छतावरचा, बोनेटवरचा पृष्ठभागावरचा गंज कुरूप दिसतो पण गाडी मारत नाही. तिथे मऊ फडक्याने पुसून मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ थर पुरे. काही जण जवसाचं तेल लावतात; ते सुकून पिवळं पडतं आणि निघत नाही. रॉकेल, डिझेल, खोबरेल तर नकोच, धूळ धरून चिखल होतो. गाडी मारणारा गंज फूटबोर्डखालच्या बंद पोकळीत, जॅक लावायच्या जागेत, स्टेपनीच्या खळग्यात, दाराच्या तळाशी आणि विंडस्क्रीनच्या खालच्या जाळीमागे असतो. दाराच्या तळाची पाणी निघायची भोकं सायकलच्या स्पोकने मोकळी करा, तुमच्या दारांच्या कडेचा गंज बहुधा तिथूनच आला आहे. फ्लोअरवरचं रबर उचलून स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. खणखणीत आवाज येतो तिथे पत्रा जिवंत, बद्द आवाज येतो तिथे नाही.

पोकळ्यांमध्ये लॅनोलिन किंवा मेणाचं कॅव्हिटी वॅक्स लांब नळीच्या पिचकारीने, आहेत त्याच भोकांतून मारा. पूर्ण गाडीला दोन ते तीन लिटर लागतं. हे मार्च-एप्रिलच्या उन्हात करा, पोकळी कोरडी असते आणि मेण पातळ होऊन सांध्यांत शिरतं. ओलाव्यावर मारलं तर ओल आत कोंडली जाते. काळं रबरासारखं अंडरकोटिंग हीच चूक कायमची करतं; वरून भक्कम दिसतं आणि खाली पत्रा सडतो. जॅकच्या जागी पत्रा आरपार गेला असेल तर मात्र वेल्डिंग करायलाच हवं. सडका भाग तेवढाच कापा, मूळच्याच जाडीचा तुकडा लावा, बाहेरच्या रंगापासून दूर थांबा आणि जोड लांबीने लपवू नका. जुन्या गाड्यांच्या जागतिक संघटनेने, १९६६ साली स्थापन झालेल्या फीवाने, आपल्या ट्युरिन चार्टर या सनदेत हेच मांडलं आहे: बदललेला भाग ओळखू येऊ द्या.

क्रोमवर शून्य-शून्य-शून्य-शून्य नंबरची स्टील वूल आणि चार थेंब ऑइल. ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांवर तीच स्टील वूल लावली तर त्या कायमच्या मेल्या. चुंबक चिकटतं का बघून ठरवा.

सीटचं उसवलेलं तोंड नव्या रेग्झीनने झाकू नका. शिवण सोडवून आतून जुळत्या जाडीच्या कापडाचा पट्टा सरकवा आणि मूळ भोकांतूनच हाताने वाकड्या सुईने टाका घाला. मशीनची सुई नवी भोकं पाडते आणि जुनं रेग्झीन टपाल तिकिटासारखं फाटतं. फेव्हिक्विक नको. आतला काथ्या दबला असेल तर काढून फेकू नका, वर नव्या काथ्याचा पातळ थर पसरा. छताचं कापड व्हॅक्युम करताना नळीच्या तोंडाला जुनी मच्छरदाणी बांधा, म्हणजे झिजलेलं कापड आत ओढलं जात नाही.

ठेवण्याची जागा. मिरजेत शेड असेल तर जमिनीवर आधी जाड प्लास्टिक, मग गाडी. ओल जमिनीतूनच वर येते. गाडीवर सुती चादरीचं कव्हर. दर आठवड्याला पाच मिनिटं इंजिन चालू ठेवायची पद्धत सोडून द्या, सायलेन्सरमध्ये पाणी साचतं आणि ऑइलमध्येही. तीन-चार आठवड्यांनी एकदा वीसेक किलोमीटर नीट तापवा, किंवा अजिबात सुरू करू नका. शेजारी ऊस असेल तर तोड झाल्यावर उंदीर-घुशी शेडकडे येतात. सायलेन्सरच्या तोंडाला आणि एअर क्लीनरच्या तोटीला तारेची जाळी, चारी चाकांजवळ पिंजरे. विष घालू नका, उंदीर फूटबोर्डच्या पोकळीत जाऊन मरतो आणि ते ओलसर आम्ल पत्रा खातं. डांबरगोळ्या सीटवर किंवा डॅशबोर्डवर थेट नकोत, प्लास्टिक मऊ पडतं. कापडात बांधून फ्लोअरवर ठेवा.

शेड नदीकडच्या बाजूला असेल तर २०१९ चं पाणी कुठवर आलं होतं ते शेजाऱ्यांना विचारून भिंतीवर खूण करा. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेच्या पाण्याच्या ४० फुटांना इशारा आणि ४५ फुटांना धोका धरतात. तुमच्यासाठी ३५ फूट हीच गाडी हलवायची वेळ: त्यानंतर टोइंगवाले फोन उचलत नाहीत. म्हणून पावसाळ्यात टायरमध्ये हवा पूर्ण, बॅटरी चार्ज आणि गाडीचं तोंड दाराकडे.

दसऱ्याचं. तोवर ब्रेक, टायर आणि पेट्रोलची लाइन झाली तर गाडी स्वतःच्या चाकांवर दारात येईल, मळकट रंगासकट. पूजा जरूर करा, पण हळद-कुंकवाचं बोट पत्र्यावर ओढू नका. कुंकवात चुना असतो, हळद पिठूळ रंगात मुरते आणि मेण लावूनही डाग राहतो. बोट समोरच्या काचेवर ओढा. झेंडूची माळ बंपरच्या दोन टोकांना सुती दोऱ्याने बांधा, तार नको, आणि संध्याकाळीच काढा. ओल्या झेंडूचा पिवळा रस रात्रभरात क्रोमच्या चिरांत उतरतो. नारळ दगडावर फोडा.